दोन फाटकं आणि पाऊण पान

फाटकं दोनच होती. कमरेएवढी, साध्या आडव्या फळ्यांची, आतून एकेक कडी. अशी दोन फाटकं लावायला एका शिकल्यासवरल्या बाईला नऊ महिने लागावेत, नगरपालिकेत अकरा खेपा पडाव्यात आणि शेवटी शहराच्या विकास नियमावलीत पाऊण पान तिच्या हातचं छापून यावं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर भिंगरीच्या आईने पहिल्याच दिवशी हातोडी उचलली असती. पण तेवढं सोडून बाकी सगळं लोकांनी सांगितलं.

भिंगरी म्हणजे तिची दोन वर्षांची मुलगी. खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असे. इमारतीच्या डाव्या अंगाला, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये, तीन मीटर रुंदीची एक पट्टी होती. पुढे रस्ता, मागे गल्ली. संध्याकाळी पाच ते सहा इमारतीतली पाच मुलं तिथे धावत. अडचण एवढीच की पार्सल पोहोचवणाऱ्यांना रस्त्यावरून गल्लीत जायला तीच वाट जवळची होती. एका संध्याकाळी एका दुचाकीचा आरसा भिंगरीच्या कानापासून चार बोटांवरून गेला. चार बोटं हा अंदाज नव्हे. भिंगरीच्या आईने पाहिलं होतं, आणि तिने पाहिलं म्हणजे पाहिलं. कुठल्या घराच्या खिडकीचा गज सैल आहे आणि कुठल्या जिन्याची सातवी पायरी घसरते हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. दुचाकीवाला पुढे जाऊन थांबला, वळला आणि म्हणाला, "ताई, मुलीकडे लक्ष ठेवा जरा."

तिची तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. पुढचे नऊ महिने ती तिथेच मुक्कामाला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुताराला बोलावलं. सुतारकाकांची टेप भिंगरीने पळवली, तेव्हा त्यांनी भिंगरीलाच भिंतीशी उभं करून खूण केली, वर एक वीत धरली आणि चार दिवसांत दोन फाटकं आणून इमारतीच्या दारामागे उभी केली. "खिळे कधी ठोकू?" त्यांनी विचारलं.

आणि इथेच दुसऱ्या मजल्यावरचे नियमकाका जिना उतरत होते.

नियमकाका निवृत्त होते. कशातून निवृत्त हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण ते जे काही करत ते तीन प्रतींत करत असावेत. त्यांनी फाटकाकडे चष्म्यावरून पाहिलं, मग चष्म्यातून पाहिलं.

"परवानगी?"

"फाटकाला कसली परवानगी, काका?"

"लावा, लावा. उद्या कुणी तक्रार केली, तोडायला माणसं आली, तर मी मध्ये पडणार नाही. एक साधा अर्ज. आठ दिवसांचं काम. परवानगी हातात असली की कुणाच्या बापाला बोलायची सोय नाही."

नवरा संध्याकाळी म्हणाला, "लाव आणि गप्प बस."

"चोरासारखं?"

"फाटकासारखं. लोक लावतात फाटकं."

सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळी मुलं पडायची आणि उठायची, कुणी फाटकं लावली नाहीत. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मशीनकाकू म्हणाल्या, "अर्ज कर, पण त्यात मुलं लिहू नकोस. मुलं लिहिली की त्यांना वाटतं, ही काहीतरी जास्तीचं मागायला आली."

हे सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य होतं आणि तेच तिने ऐकलं नाही. कारण भिंगरीची आई ग्रंथालयशास्त्र शिकलेली होती, तेही वरच्या श्रेणीत. जगातल्या प्रत्येक वस्तूला कुठेतरी एक खण असतो आणि नीट शोधलं तर तो सापडतो, यावर तिची श्रद्धा होती. फाटकं दारामागे तशीच राहिली आणि ती भिंगरीला कडेवर घेऊन नगरपालिकेत गेली.

खिडकीमागचा कारकून सभ्य होता. हेच वाईट. उद्धट माणसाशी निदान भांडता येतं.

"कुठे लावायचंय फाटक?"

"इमारतीच्या बाजूला पट्टी आहे, तिथे."

"म्हणजे बाजूचं सामासिक अंतर." इमारतीभोवती कायद्याने सोडावी लागणारी जागा तो अशा मायेने उच्चारत होता की जणू त्याने ती स्वतः वाढवली असावी. "त्याचा वापर काय?"

"मुलं खेळतात."

कारकुनाने लिहिलं काहीच नाही. त्याने नियमावलीचं परिशिष्ट काढलं. जमिनीचे बेचाळीस वापर आणि प्रत्येकाची व्याख्या.

"खेळाचं मैदान. किमान चार हजार चौरस मीटर. आहे?"

"बहात्तर आहे."

"उद्यान. बाकं, पायवाट आणि किमान बारा झाडं."

"एक झाड आहे. तेही शेजाऱ्यांचं. फांदी आमच्याकडे येते."

"मग मोकळी जागा लिहू का?"

"लिहा ना. मोकळीच आहे."

"पण मोकळी जागा म्हणजे जिचा काहीही वापर होत नाही ती. तुम्ही म्हणता मुलं खेळतात."

"तिथून दिवसभर गाड्या जातात, तो नाही का वापर?"

"जाणं हा वापर नव्हे, ताई. जाणाऱ्या गाडीची नोंद कशी घेणार? ती गेलेली असते."

भिंगरीच्या आईने आवाज खाली ठेवला. "बरं, 'इतर' कुठे आहे? प्रत्येक यादीत 'इतर' असतंच."

"होतं. पण सगळे त्यातच लिहायला लागले, म्हणून काढून टाकलं." कारकून हळहळला. खरंच हळहळला. "वापर ठरत नसेल तर स्थळपाहणी. निरीक्षक साहेब स्वतःच्या डोळ्यांनी बघतील."

निरीक्षक साहेब सहा आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता आले. मोठी मुलं शाळेत, भिंगरी झोपलेली. पट्टीत एक मांजर बसलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहून आल्याची वेळ लिहिली, पट्टी मोजली, मांजर लिहिलं की नाही ते समजलं नाही, आणि म्हणाले, "वापर दिसत नाही."

"संध्याकाळी असतो."

"मी डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहितो. ऐकीव लिहीत नाही. बावीस वर्षं झाली."

"मग संध्याकाळी या."

ते म्हणाले, शनिवारी पाचला येतो. आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण मुलं खेळताना नक्की दिसावीत म्हणून तिने मशीनकाकूंना सांगितलं, शनिवारी सगळ्यांना खाली आणा. मशीनकाकूंच्या मशीनवर सगळ्या गल्लीचे कपडे शिवले जात, त्यामुळे बातमी बुधवारपर्यंत सगळ्या गल्लीत पोहोचली, आणि जाताजाता थोडी सैलही झाली. ज्याचं मूल साहेबांच्या वहीत येईल त्याच्या इमारतीला नगरपालिका फाटक लावून देणार, असं तिचं शेवटचं रूप होतं.

शनिवारी पाच वाजता त्या बहात्तर चौरस मीटरांत तेवीस मुलं होती. आज्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. रांगणाऱ्यांसाठी कुणीतरी सतरंजी अंथरली होती. एका बाईने आपलं तान्हं भिंगरीच्या आईच्या हातात दिलं आणि "दोन मिनिटांत आले" म्हणून ती बाजारात निघून गेली. दुसऱ्या हातात एक अनोळखी मुलगा होता, जो रस्त्याकडे पळत होता म्हणून तिने धरला होता आणि धरला म्हणून तो भोकाड पसरून रडत होता. निरीक्षक साहेबांना मोजणी जमेना, कारण मोजलेली मुलं न मोजलेल्यांत जाऊन मिसळत. शेवटी त्यांनी सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. तेवीस. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं: एका हातात तान्हं, दुसऱ्या हातात रडकं, पायाला भिंगरी. ते बराच वेळ लिहीत होते.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. निवासी विभागात विनापरवाना पाळणाघर. व्याख्या सोबत जोडलेली: 'दहाहून अधिक बालकांना कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवण्याची जागा.' त्रुटी: अग्निशामक नळकांडी नाहीत, बालकांच्या उंचीची स्वच्छतागृहं नाहीत, परिचारिका नाही. चालक म्हणून तिचं पूर्ण नाव. पंधरा दिवसांत बंद करावं. तोवर बालकांना सदर जागेत एकत्र आणण्यास मनाई.

"पाळणाघर काढलंस आणि घरात सांगितलं नाहीस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता.

नवऱ्याने नोटीस दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याचे खांदे हलत होते. "परिचारिका ठेवू या का?" एवढं बोलून तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

भिंगरीच्या आईला हसू आलं नाही. ज्या पट्टीत मुलीला तासभर धावता यावं म्हणून तिने हे सगळं केलं, तिथे आता मुलीने धावायचंच नव्हतं. गाड्या मात्र जात होत्या. गाड्यांना नोटीस नव्हती. त्या गेलेल्या असत.

नियमकाकांना वाईट वाटलं असावं, कारण ते आपण होऊन वर आले. जिने उतरणारा माणूस चढून आला म्हणजे भानगड मोठी, हे तिला कळायला हवं होतं. "नवीन नियमावली येतेय," ते म्हणाले. "मसुदा कार्यालयात लावलाय, कपाटामागे. तीस दिवसांत नागरिकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या. शुक्रवार शेवटचा. तुम्ही एक नवीन वापर सुचवा. त्रेचाळिसावा. व्याख्याच बदलली की नोटीस हवेत."

आणि पुन्हा एकदा तिला ते पटलं. खण नसेल तर खण तयार करायचा. दुपारी भिंगरी झोपली की ती लिहायला बसे. डोळ्यांसमोर तिला ती जागा स्पष्ट दिसत होती, आणि दिसली तशी तिने ती लिहिली. तीन दुपारी ती लिहीत होती, कारण दार उघडं होतं आणि घरात येणारा प्रत्येकजण एक वाक्य टाकून जात होता. शेवटी झालं ते असं:

'बालक्रीडा पट्टी: निवासी इमारतीची बाजू व कुंपण यांमधील अशी जागा, जिच्या दोन्ही टोकांस कमरेएवढे, आतून कडी असलेले फाटक आहे, जिच्यातून कोणतेही वाहन, चालू अथवा बंद स्थितीत, जात नाही, जिथे बालके धावतात, पडतात व उठतात, जिथे प्रौढ व्यक्ती त्यांच्यावर लक्ष ठेवतात, परंतु तेवढ्यामुळे सदर व्यक्ती चालक ठरत नाहीत, जिथे दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमुळे वापरास बाधा येत नाही, आणि जिथे सकाळच्या वेळी एका ज्येष्ठ नागरिकास खुर्ची टाकून बसता येते.'

पडणं-उठणं सासूबाईंचं, दोरी मशीनकाकूंची आणि खुर्ची कुणाची हे सांगायला नकोच.

सुनावणी दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात होती. समोर समितीचे तीन सदस्य, इकडे भिंगरी आणि तिची आई. बाकी एकशे अठ्ठ्याण्णव खुर्च्या रिकाम्या. सगळ्या शहरातून आलेली ही एकच सूचना होती. मागच्या खेपेला एकही आली नव्हती. अध्यक्षांनी ती व्याख्या उभं राहून वाचली.

"पडतात व उठतात," दुसरे सदस्य म्हणाले, "हा क्रम बंधनकारक समजायचा का?"

"आधी उठून मग पडणारंही मूल असू शकतं," तिसरे म्हणाले. "सकाळी."

यावर वीस मिनिटं चर्चा झाली. भिंगरी दरम्यान खुर्च्यांच्या चार रांगांखालून जाऊन आली. शेवटी अध्यक्षांनी एकही शब्द न बदलता व्याख्या मान्य केली, नोटीस मागे घेतली आणि जागरूक नागरिक म्हणून तिच्याशी हात मिळवला. घरी येताना भिंगरीच्या आईला वाटलं, बघा, शिकल्याचा उपयोग होतो. दोन महिने ती नवऱ्याशी या विषयावर जरा वरच्या पट्टीत बोलत होती.

मग नियमावली छापून आली आणि ती अर्ज घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. कारकुनाला तिला बघून आनंद झाला.

"वापर?"

"बालक्रीडा पट्टी. त्रेचाळीस."

"वा." त्याने पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "दोन्ही टोकांना फाटक आहे?"

"नाही. त्यासाठीच तर परवानगी मागतेय."

"पण फाटक असेल तर ती बालक्रीडा पट्टी. बालक्रीडा पट्टी असेल तर फाटकाला परवानगी. तुमच्याकडे फाटक नाही, म्हणजे ते अजून सामासिक अंतरच आहे. आणि सामासिक अंतरात फाटक चालत नाही."

तिने पान स्वतःकडे वळवून वाचलं.

"म्हणजे फाटक लावायला आधी फाटक पाहिजे?"

"व्याख्या तसं म्हणते." त्याने पानावरून हात फिरवला. "फार विचार करून लिहिलीय कुणीतरी. एवढी घट्ट व्याख्या मी नोकरीत पाहिली नाही, ताई. सुई शिरायला जागा नाही."

लिहिणारीबद्दल काहीतरी जहाल बोलायला भिंगरीच्या आईने तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर ती कारकुनावर चिडली होती, निरीक्षकावर, नियमकाकांवर, नवऱ्याच्या खांद्यांवर. आता चिडायला उरलं होतं ते माणूस घरचंच होतं. लग्नाच्या साडीची घडी जितक्या काळजीने घालावी तितक्या काळजीने तिने ती जागा लिहिली होती, हवी तशी, आणि आहे तशी लिहायचं विसरली होती.

"अर्ज ठेवून जा," कारकून म्हणाला. "फाटक आहे की नाही ते स्थळपाहणीत ठरेल."

ती घरी पोहोचली तेव्हा पट्टीच्या तोंडाशी माणसं जमली होती. माणसांना बाजूला सारत ती आत घुसली. भिंगरी धडधाकट होती. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, कोपर सोललेलं, साडीला रक्त. भिंगरी पुढे धावली, दुचाकी आली, सासूबाईंनी नातीला मागे ओढलं आणि स्वतः पडल्या. दुचाकीवाला गेलेला होता.

"आमच्या वेळी" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. सुनेने कोपर धुतलं, पट्टी बांधली. मग सासूबाई म्हणाल्या, "तुझी ती दारामागची फाटकं टॉवेल वाळत घालायला आणलीयस का?"

सुतारकाका तासाभरात आले. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, ठोकाठोकीचा आवाज तिसऱ्या इमारतीपर्यंत जाईल अशा बेताने खिळे ठोकले गेले. नियमकाका जिन्यात आले. त्यांनी तोंड उघडलं. भिंगरीच्या आईने नुसतं वर पाहिलं. नियमकाका म्हणाले, "कडीला तेल घाला," आणि परत गेले.

दहाव्या दिवशी निरीक्षक साहेब आले. रस्त्यावरच्या फाटकाबाहेर दुचाकी उभी केली, वेळ लिहिली, दोन्ही टोकं पाहून आले.

"फाटकं आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ही बालक्रीडा पट्टी झाली. म्हणजे तुम्ही फाटकाच्या परवानगीला पात्र झालात."

"बरं."

"पण परवानगी नसताना लावलीत. म्हणजे ती काढावी लागतील."

"काढली की पट्टी राहणार नाही. म्हणजे वापर बदलला. वापर बदलायचा अर्ज अर्जदाराने स्वतः करायचा असतो, कलम अकरा. बघा वाचून."

त्यांनी वाचलं. ओठ हलवत, दोनदा. "बरोबर आहे. मग तुम्ही अर्ज करा."

"मी अर्ज करणार नाही."

"वापर बदलायचा नाही म्हणून?"

"अर्जच करणार नाही, साहेब. कसलाही. या जन्मात जेवढे लिहायचे होते तेवढे झाले."

साहेबांनी ते लिहून घ्यायचं की नाही याचा विचार केला. तेवढ्यात भिंगरीने, जी नऊ महिन्यांपूर्वी फाटकाहून वीतभर बुटकी होती आणि आता पावणेतीन वर्षांची होती, खालच्या आडव्या फळीवर एक पाय ठेवला, मधल्या फळीवर दुसरा, आणि पोट वर टेकवून ती रस्त्याच्या बाजूला ओणवी झाली. आईने फ्रॉक पकडला. पकडला तेव्हा भिंगरीचे दोन्ही हात फाटकापलीकडे होते.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"उंची कमी पडतेय," निरीक्षक साहेब म्हणाले. त्यांना मदतच करायची होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. "पण व्याख्येत कमरेएवढे आहे. वाढवायची तर दुरुस्ती सुचवावी लागेल. पुढच्या वेळी हरकती मागवू, तेव्हा..."

तिने एका हातात भिंगरीला गच्च धरून दुसऱ्या हाताने फोन लावला. "सुतारकाका, फाटकं आणखी दोन वीत उंच पाहिजेत. आणि आडव्या फळ्या काढून सगळ्या उभ्या मारा. पाय ठेवायला जागा नको. हो, आत्ता. परवानगीचं विचारताय?" तिने साहेबांकडे बघितलं. "ते इथेच उभे आहेत. त्यांच्यासमोर मारू."

साहेबांनी वही मिटली. त्यांनी घड्याळ पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या पाहिल्या. मग त्यांनी दुचाकी स्टँडवरून काढून फाटकाला टेकवली आणि म्हणाले, "ताई, मला मागच्या गल्लीतच जायचंय. इथून गेलो तर जवळ पडेल. कडी काढता का जरा?"